साठ सेंटीमीटरची गल्ली

शहाणीसुरती माणसे पुठ्ठे कापून घरे आणि धरणे करण्यात रविवार का घालवतात? खडकवासल्यात आम्हा सातजणांना हा प्रश्न नेहमी ऐकावा लागतो. आमच्यात एक निवृत्त सुतारचाचा आहेत, एक रिक्षाचालक, दोन शिक्षक आणि तीन शाळकरी मुले. मंडळाला नाव नाही, वर्गणी नाही. महिन्यातून एका रविवारी जोहरच्या नमाजनंतर जमायचे आणि आपापला नमुना आणायचा. नियम एकच: काम जेवढे झाले असेल तेवढेच, तसेच दाखवायचे.

प्रश्न विचारणाऱ्यांना आम्ही गावातल्याच केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राचे उदाहरण देतो. 1916 साली स्थापन झालेली ही संस्था बंदरांचे, नद्यांचे, धरणांच्या सांडव्यांचे छोटे नमुने बांधून त्यांत पाणी सोडते. नमुना शंभरपट लहान असेल, तर खऱ्या नदीत सेकंदाला एक लाख लिटर वाहणारे पाणी तिथे एक लिटर होते. वेळही आक्रसते, पण दहापटच. म्हणून समुद्राच्या भरती-ओहोटीचे 12 तास 25 मिनिटांचे चक्र अशा नमुन्यात सुमारे 75 मिनिटांत उरकते. हा खेळ नव्हे. भिंत कुठे कमकुवत पडेल, गाळ कुठे साचेल, हे सिमेंट ओतण्याआधी कळावे म्हणून केलेली ही खटपट आहे. चूक छोट्या नमुन्यात सापडली तर ती स्वस्तात सुटते.

आमच्यातली आठवीतली मुलगी मशिदीचा नमुना करते आहे, लग्नपत्रिकांच्या जाड कागदांतून. मागच्या खेपेला तिचे मिनार फार उंच दिसत होते. सगळ्यांनी मिळून मापे तपासली, तेव्हा उंची 1:72 ने आणि रुंदी 1:100 ने घेतलेली निघाली. वर्गात गुणोत्तराचे गणित आले की मान खाली घालणारी ही मुलगी त्या दिवशी स्वतः आकडे मांडून सांगत होती. संशोधन केंद्रातही नदीच्या नमुन्यात उभे प्रमाण मुद्दाम मोठे ठेवतात, नाहीतर पाण्याचा थर कागदाइतका पातळ होईल. फरक इतकाच, की ते जाणूनबुजून करतात आणि हिशेबात धरतात. हे ऐकून तिला हसू आले. मिनार मात्र तिने नव्याने कापायला घेतले.

घराघरांतून आणखी एक शंका येते: हे दीनला धरून आहे का? सजीवांच्या प्रतिमांविषयी उलेमांनी सावधगिरी सांगितली आहे. पण चित्रे काढून पोट भरणाऱ्या एका माणसाला हजरत इब्ने अब्बास (र.) यांनी झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याचा सल्ला दिला होता, हेही हदीसमध्ये आले आहे. घर, पूल, जहाज, मशीद यांत आम्हाला भरपूर काम आहे. दुसरी शंका उधळपट्टीची. परदेशी खोके विकत घेऊन विमाने जोडायला बसलो, तर ती रास्त ठरेल. आमचा खर्च फेविकॉल, पॉलिश पेपर आणि कटरच्या पात्यांचा.

पण या छंदाचे खरे मोल आम्हाला चाचांच्या नमुन्यात कळले. चाचा पुण्यात नदीकाठच्या एका गल्लीत वाढले. 12 जुलै 1961 ला पानशेतचे बांधकाम चालू असलेले मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्याने 1879 चे खडकवासला धरणही फोडले आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. चाचा तेव्हा आठ वर्षांचे होते. ती गल्ली पुन्हा तशी उभी राहिली नाही. साठ मीटर लांबीची ती गल्ली ते आता साठ सेंटीमीटरमध्ये उभारत आहेत. फोटो एकही नाही. सगळी मापे आठवणीतली: ओसरी किती पावलांची, उंबरठा गुडघ्याला कुठे लागायचा.

दर महिन्याला आम्ही अर्धवट गल्लीचा फोटो चाचांच्या थोरल्या आपांना पाठवतो. पूर आला तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. एकदा त्यांचा तडक फोन आला, “नळ दाराच्या उजवीकडे होता. डावीकडे अम्मी भांडी घासायची.” चाचा बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी चिकटवलेला नळ हलकेच उचकटला आणि तिथे सपाट दगडाएवढा पुठ्ठ्याचा तुकडा लावला. ती गल्ली आठवणारी आता ही दोनच माणसे उरली आहेत. नमुना पूर्ण करूनच दाखवायचा असे चाचांनी ठरवले असते, तर तो दगड कुणालाच कळला नसता.

आपल्या घरांत मुले फक्त निकाल दाखवतात आणि थोरही पार पडलेले कामच सांगतात. मधली धडपड दाराआड राहते, म्हणून तिला कुणाचा हातही लागत नाही. या सुटीत दादी-नानीला त्यांचे जुने घर विचारा. दार कोणत्या दिशेला, चूल कुठे, विहीर किती पावलांवर, सारे वहीत लिहा. एक मीटरला एक सेंटीमीटर धरून पुठ्ठा कापा आणि पहिली भिंत उभी राहताच त्यांच्यासमोर ठेवा. दुसरी भिंत कुठे घ्यायची ते त्याच सांगतील.