पवित्रा

होयसळ राजांचे राजचिन्ह ज्याने एकदा पाहिले, त्याला त्यातील वीर आठवतो, त्याच्यावर झेपावणारे श्वापद आठवते. वीराचे पाय मात्र सहसा आठवत नाहीत. वास्तविक त्या शिल्पाचा सारा भार पायांवरच आहे. बेलूर-हळेबीडच्या शिल्पांत तपशील बदलत जातो. पण पाय फाकलेले, गुडघा वाकलेला आणि कंबर खाली आलेली, ही धाटणी कायम राहते. हा पुरुष ताठ उभा असता, तर पहिल्याच धडकेला उताणा झाला असता.

या चिन्हाचा संबंध अभ्यासक सामान्यतः तलकाडशी जोडतात. म्हैसूर जिल्ह्यात कावेरीच्या काठी वसलेले हे गाव एके काळी गंग राजांची राजधानी होते. अकराव्या शतकाच्या आरंभी ते चोळांच्या हाती गेले आणि राजराजपुर म्हणवू लागले. १११६ च्या सुमारास होयसळ विष्णुवर्धनाने ते जिंकून घेतले, ‘तलकाडुगोंड’ म्हणजे तलकाड घेणारा असे बिरुद धारण केले, आणि तेथे कीर्तिनारायणाचे मंदिर उभारले. चोळांचे लांछन वाघ. म्हणून वाघाशी झुंजणारा सळ हे या विजयाचे स्मारक, अशी उपपत्ती मांडली जाते. पुढे तलकाडची मंदिरे वाळूने वेढली, काही तिच्याखाली गाडली गेली. वाळूवर जो चालला आहे त्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही: पायाखालची भूमी आपल्याला धरून ठेवीलच असे नाही, तोल आपला आपणच सांभाळावा लागतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात पुरुषाच्या उभे राहण्याची सहा स्थाने सांगितली आहेत: वैष्णव, समपाद, वैशाख, मंडल, आलीढ आणि प्रत्यालीढ. दोन पावलांमध्ये किती ताल अंतर असावे, हेही तेथे मोजून दिले आहे. पाय लांबवून घेतलेले योद्ध्याचे ठाण ते आलीढ; बाजू पालटली की तेच प्रत्यालीढ. कालिदासानेही इंद्राशी लढणाऱ्या रघूला आलीढातच उभे केले आहे. परंतु भरताचे याविषयीचे एक विधान अधिक मोलाचे आहे. आलीढात सज्ज केलेले शस्त्र प्रत्यालीढात सोडावे, असे तो सांगतो. याचा अर्थ असा की, एका ठाणाचे सार्थक दुसऱ्या ठाणात जाण्यात आहे. जे ठाण सोडता येत नाही ते योद्ध्याचे ठाण नव्हे.

संस्कृतातील हे ‘स्थान’ प्राकृतातून मराठीत ‘ठाण’ होऊन आले. मात्र ‘ठाण मांडणे’ याचा अर्थ आज न हलणे एवढाच उरला आहे. हलण्याची सिद्धता सांगणारा शब्द मराठीने तालमीत जपला, तो ‘पवित्रा’. उच्चाराने तो ‘पवित्र’ या शब्दाच्या शेजारी राहत असला, तरी त्याचे अंग मातीने माखलेले आहे.

कोल्हापूरकडच्या तालमीत नवे पोर येते, तेव्हा त्याला डाव शिकण्याची घाई असते. ढाक, कलाजंग, धोबीपछाड ही नावे त्याने मैदानाच्या कडेला बसून ऐकलेली असतात. वस्ताद त्याला आधी उभे राहायला शिकवतो. एक पाय पुढे, गुडघे सैल, कंबर खाली, हात अंगापासून थोडे पुढे, नजर समोर. पुढच्या पायावर भार अधिक पडला, तर तोच पाय प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागतो आणि एकेरी पट बसतो. भार टाचांवर गेला, तर नुसत्या रेट्यानेही माणूस मागे कोसळतो. हे शब्दांनी सांगून फारसे समजत नाही. वस्ताद पोराच्या खांद्याला अवचित धक्का देतो, आणि पोराला चूक कोठे झाली ते टाचेतून कळते. या विद्येचे व्याकरण असे स्पर्शातून दिले जाते. म्हणूनच ग्रंथांत ते थोडेच उतरले. चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील मानसोल्लासात मल्लांचा आहार, व्यायाम आणि झुंजी यांचे वर्णन आहे. मल्लपुराणातही मल्लविद्येची शास्त्रशुद्ध मांडणी आहे. तथापि कोणताही ग्रंथ खांद्याला धक्का देऊ शकत नाही.

पायाखालची भूमी बदलली की पवित्राही बदलतो. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उतरले, तेव्हा त्यांचे पाय मातीला सरावलेले होते. मॅटवरच्या कुस्तीत त्यांना सहावे स्थान मिळाले. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या चार वर्षांच्या कहाणीत जिद्द आहे, तसेच पायांनी नव्या भूमीशी केलेले जुळवून घेणेही आहे.

हीच विद्या एका सर्वस्वी परक्या खेळात किती काटेकोरपणे शिकवली जाते, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये आघाडीच्या फळीतले खेळाडू दोन पाय आणि एक हात भूमीला टेकून ओणवे बसतात. हाताला भूमीचा केवळ स्पर्श हवा. प्रशिक्षक कधी कधी तो हात एकाएकी बाजूला सारतो; खेळाडू तोंडावर पडला, तर सगळा भार हातावर होता हे सिद्ध होते. बोटांवर भार पडून ती पांढरी दिसली, तर हा आता पुढे मुसंडी मारणार, हे समोरचा ओळखतो. हात हलका दिसला, तर मागे सरणार, हेही ओळखतो. म्हणून मनात काहीही असले तरी पवित्रा दर वेळी एकसारखाच हवा. आणि आक्रमक फळीतल्या खेळाडूने एकदा हात टेकला, की चेंडू हलेपर्यंत त्याने हलायचे नाही; हलल्यास संघाला पाच यार्डांचा दंड. सारे बळ एकवटून निश्चल राहणे, हा या शिक्षणाचा सर्वांत कठीण भाग होय.

यात प्राणाचाही प्रश्न गुंतलेला आहे. मान खाली घालून डोक्याने धडक देणाऱ्या कित्येक तरुण खेळाडूंचे मणके मोडले आणि हातपाय कायमचे लुळे पडले. १९७६ साली तेथील शालेय आणि महाविद्यालयीन नियमांनी अशी धडक निषिद्ध ठरवली, आणि त्यानंतर अशा दुखापतींची संख्या झपाट्याने घटली. ‘नजर वर’ ही प्रशिक्षकाची आणि वस्तादाची सारखीच आज्ञा आहे. ज्यावर आपण तुटून पडतो त्याच्याकडे पाहावे, हा तिचा अर्थ. आणि ती न पाळणाऱ्याची मान धोक्यात असते.

मराठी मनाला मात्र सर्वांत जवळचे ठाण आलीढ नव्हे, समपाद आहे. पंढरीचा विठ्ठल विटेवर समचरण उभा आहे. भक्ताने थांबायला सांगितले आणि देव थांबला, अशी कथा आहे. त्याच पंढरपुरात शके ११५९ म्हणजे १२३७ सालचा, होयसळ सोमेश्वराच्या दानाचा शिलालेख आहे. ज्या घराण्याने झेपावणाऱ्या वीराला आपले चिन्ह केले, त्याच घराण्यातील राजाने या स्थिर देवाच्या क्षेत्री दान द्यावे, हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो. भक्तीने ज्याला थांबणे म्हटले, तालमीने त्यालाच सिद्धता म्हटले.

आज ‘पवित्रा’ हा शब्द वृत्तपत्रांतून रोज भेटतो: कोणी आक्रमक पवित्रा घेतो, कोणी सावध. बहुधा अभिप्राय इतकाच असतो की, तो माणूस आता आपले म्हणणे सोडणार नाही. असा ताठर उभा राहणारा आखाड्यात सर्वांत आधी पडतो. वस्ताद पोराचा गुडघा किंचित सैल करून देतो, तेव्हा पुढच्या क्षणी त्याला कोणत्याही दिशेने जाता यावे, एवढेच त्याला साधायचे असते.