‘ले मिझेराब्ल’ : प्रवासात घडलेले नाटक

व्हिक्टर ह्यूगो यांची ‘ले मिझेराब्ल’ ही कादंबरी फ्रेंच साहित्याचे भूषण मानली जात असली, तरी ती पुरी झाली आणि प्रथम छापली गेली ती फ्रान्सबाहेरच. लुई-नेपोलियनने डिसेंबर १८५१ मध्ये सत्ता बळकावल्यावर ह्यूगो यांना देश सोडावा लागला. पुढे गर्न्सी या इंग्लिश खाडीतील बेटावर राहत असताना त्यांनी अर्धवट पडलेले हस्तलिखित पुन्हा हाती घेतले आणि १८६२ मध्ये ब्रसेल्सच्या प्रकाशकाने ते बाहेर काढले. या कादंबरीवरील संगीतिकेचे भाग्यही पुढे परमुलखातच उजळले. येथे संगीतिका म्हणजे जिचे कथानक गायनातून पुढे सरकते असे नाटक होय. मराठी संगीत नाटकात गद्य संवादांच्या ओघात पदे येतात, तर या नाटकात भांडण, सौदा, अटक असे व्यवहारही जवळजवळ सर्वस्वी गाऊनच होतात.

संगीतकार क्लोद-मिशेल शोनबर्ग आणि गीतकार अलाँ बुब्लिल व ज्याँ-मार्क नातेल यांनी ही संगीतिका मुळात फ्रेंचमध्ये रचली आणि १९८० मध्ये पॅरिसच्या पाले दे स्पोर या क्रीडागृहात तिचे सुमारे तीन महिने प्रयोग झाले. त्या वेळी कथा थेट कारखान्याच्या प्रसंगापासून सुरू होई, कारण पाव चोरल्याबद्दल कैद भोगून आलेला जाँ व्हालजाँ आणि त्याने चांदीची भांडी चोरली तरी त्याला पदरात घेणारा बिशप ही गोष्ट फ्रेंच प्रेक्षकाला तोंडपाठ असे. निर्माते कॅमेरॉन मॅकिंटॉश यांनी ८ ऑक्टोबर १९८५ रोजी लंडनच्या बार्बिकन नाट्यगृहात इंग्रजी रूप आणले, तेव्हा परक्या प्रेक्षकासाठी हा पूर्वभाग नव्याने जोडण्यात आला, हर्बर्ट क्रेट्झमर यांनी शब्दाला शब्द न ठेवता पदे इंग्रजीत जवळजवळ नव्यानेच लिहिली, आणि बंडखोर विद्यार्थ्यांनी रस्त्यात उभारलेल्या मोर्चावर झोपलेल्या मारियस या तरुणासाठी व्हालजाँ करतो ती प्रार्थनाही याच वेळी जन्मली. आज जगाला जे नाटक ठाऊक आहे, ते असे परक्यांना गोष्ट समजावून सांगण्याच्या गरजेतून आकाराला आले.

लंडनच्या प्रयोगाची ओळख होती जॉन नेपियर यांचा फिरता रंगमंच, म्हणजे ‘तो मी नव्हेच’मुळे मराठी प्रेक्षकांच्या परिचयाची असलेली गोल फिरणारी चकती. मोर्चावरील लढाई संपली की ही चकती फिरे आणि पलीकडच्या अंगाला लाल निशाणावर उलटा लोंबकळणारा विद्यार्थी-नेता आंजोल्रास याचा देह शब्दावाचून समोर येई. पंचविसाव्या वर्षानिमित्त डिसेंबर २००९ मध्ये वेल्समधील कार्डिफ येथून जो दौरा निघाला, त्यात मात्र ही चकती वगळण्यात आली आणि मॅट किन्ली यांनी ह्यूगो यांच्याच शाईतील काळपट चित्रांवरून नेपथ्य रचून ती चित्रे मागच्या पडद्यावर हलत्या रूपात उमटवली.

प्रस्तुत लेखकाने या नव्या रूपाचा प्रयोग २०१६ मध्ये सिंगापूरच्या एस्प्लनेड नाट्यगृहात पाहिला, तो फिरत्या रंगमंचाविषयी पुष्कळ वाचून आणि त्याच्या अभावी नाटक उणे वाटेल अशी खूणगाठ बांधून. मध्यंतरात आसपासच्या रांगांतून १७८९ च्या राज्यक्रांतीचाच उल्लेख कानी पडत होता. वास्तविक नाटकातील उठाव ५ व ६ जून १८३२ चा, पॅरिसच्या काही गल्ल्यांपुरता आणि दोन दिवसांत चिरडला गेलेला आहे. उत्तरार्धात बंदुका थांबल्या, धूर विरला आणि लेखकाची नजर नकळत चकती फिरण्याची वाट पाहू लागली; त्याऐवजी एक हातगाडी ओढत आणली गेली आणि तिच्यावर आंजोल्रास व लहानगा गाव्रोश यांचे देह भाजीपाल्याच्या ओझ्यासारखे टाकलेले दिसले. पुढे बायकांनी जमिनीवर ठेवून दिलेल्या मेणबत्त्या, मारियस एकटा गात असताना, मेलेल्या मित्रांनी येऊन एकेक करून उचलल्या, तेव्हा सभागृहात खोकल्याचाही आवाज नव्हता. गाडी आणि मेणबत्ती या दोन्ही वस्तू कोणत्याही गावी मिळण्याजोग्या आहेत, आणि यंत्राचे काम त्यांनी गाण्याच्या बळावर निभावले, हे लेखकाला मान्य करावे लागले. दुसऱ्या बाजूने, व्हालजाँ मारियसला गटारातून वाहून नेतो त्या प्रसंगी पडद्यावरचे बोगदे इतके सरकत होते की खांद्यावरच्या ओझ्याने वाकलेल्या नटाकडे लक्ष टिकेना, हाही त्याच प्रयोगाचा अनुभव होय.

दौऱ्यासाठी नाटक आटोपशीर करणे म्हणजे त्याचे अंग छाटणे, हा समज त्यामुळे तपासून घ्यावा लागतो. प्रवासात जे मागे ठेवता येते ते अलंकार आणि जे सोबत न्यावेच लागते तो प्राण, अशी निवड दौरा आपोआप करतो. ‘ले मिझेराब्ल’च्या बाबतीत तो प्राण शोनबर्ग यांच्या चालींत आणि एका पात्राची चाल दुसऱ्याच्या तोंडी वेगळ्या अर्थाने परत आणण्याच्या त्यांच्या पद्धतीत आहे. या निवडीवर पुढील घटनांनी शिक्कामोर्तबही केले. कार्डिफहून निघालेला हाच दौरा २०१० मध्ये पॅरिसच्या शातले नाट्यगृहात पोहोचला आणि ह्यूगो यांच्या शहराने त्यांची कथा इंग्रजीत ऐकली. पुढे जुलै २०१९ मध्ये लंडनमधील फिरत्या रंगमंचाचा मूळ प्रयोग थांबला आणि त्याच वर्षाअखेर, तो जेथे थांबला त्याच नाट्यगृहात दौऱ्यावर घडलेले रूप कायमचे मुक्कामाला आले.