‘सुखरूप पोहोंचलों’ची किंमत

आमच्या नागपूरच्या महालांतील घरीं एक रिवाज वडिलांच्या वेळेपासून चालत आला आहे. घरांतील कोणीहि परगांवीं गेला, तर पोहोंचतांच त्यानें खुशाली कळवावयाची. वडील प्रवासास निघत, तेव्हां पत्ता घालून तयार केलेलें एक पोस्टकार्ड आई त्यांच्या पिशवींत ठेवी. उतरल्यावर दोन ओळी खरडून तें पेटींत टाकलें, कीं काम झालें. गांव दूरचें आणि घाई असली, तर तार. तारेला शब्दागणिक पैसे पडत. म्हणून वडील कागदावर आधीं पूर्ण मजकूर लिहीत आणि मग त्यांतील एकेक शब्द खोडीत जात. शेवटीं सुखरूप पोहोंचल्याचे तेवढे दोन शब्द उरत. ती तारसेवा २०१३ च्या जुलै महिन्यांत आपल्या देशांतून बंद झाली, आणि तिच्याबरोबर शब्द मोजण्याची ती विद्याहि कायमची गेली, अशी माझी समजूत होती. ती समजूत चुकीची होती, हें मला परदेशीं कळलें. आणि कळावयाला किंमत बरीच पडली.

२०१९ च्या मे महिन्यांत मी व सौ. असे दोघे आमच्या कन्येकडे जर्मनींत स्टुटगार्ट येथें गेलों होतों. घरीं धाकटा भाऊ, वहिनी, पुतणे आणि चौऱ्यायशीं वर्षांची आई. निघतांना आईनें एकच अट घातली होती : रोज संध्याकाळीं फोन करावयाचा. ही अट मला मुळींच जड वाटली नाहीं. २०१६ च्या सप्टेंबरांत जिओची सेवा सुरू झाली व पाठोपाठ इतर कंपन्यांनाहि आपले दर उतरवावे लागले. तेव्हांपासून रोजचा एक-दीड जीबी डेटा ही नळाच्या पाण्यासारखी गृहीत धरण्याची गोष्ट होऊन बसली आहे. नळ आहे म्हणजे पाणी येणारच, ह्याच भरंवशावर मीहि होतों.

परंतु निघण्यापूर्वी येथील सिमावर परदेशीं इंटरनेट मिळण्याचा दर विचारला, तेव्हां महिन्याचा आंकडा कांहीं हजारांच्या घरांत गेला. असें कां व्हावें, हें तेव्हां मला ठाऊक नव्हतें. आपलें सिम परक्या देशांत तेथील कंपनीच्या जाळ्यावर चालतें. ती कंपनी त्याचा मोबदला आपल्या कंपनीकडून घेते, आणि आपली कंपनी तो आपल्याकडून वसूल करते. ह्यालाच रोमिंग म्हणतात. पाहुण्यानें दुसऱ्याच्या स्वयंपाकघरांत शिजविलेल्या भाताचा दर तो! मीं हिशेब केला, कीं तिकडे जाऊन तिकडचेंच सिम घ्यावें. हा विचार योग्यच होता. चूक पुढें झाली. कोणीतरी सांगितलें, कीं भारतांतलें सिम नुसतें चालूं राहिलें तरी बिल चढतें. तें ऐकून, फोनांत दोन सिमांची सोय असतांहि, मीं आपलें सिम काढून कागदाच्या पुडींत बांधून पेटींत ठेवून दिलें.

स्टुटगार्टला कन्येनें मला दुकानांत नेलें. जर्मनींत २०१७ पासून आगाऊ पैसे भरून घ्यावयाच्या सिमालाहि ओळख पटवावी लागते. म्हणून पासपोर्ट दाखविण्याचा विधि झाला आणि सिम हातीं आलें. महिन्याची योजना घ्या, असें ती सांगत असतां मीं काटकसरीच्या बाण्यानें थोडीशी रक्कम तेवढी भरली. दुकानदारानें आणखी एक माहिती दिली : १५ जून २०१७ पासून युरोपीय संघाच्या एका देशांतील सिम संघाच्या दुसऱ्या देशांत नेल्यास सामान्यतः जादा रोमिंग-शुल्क पडत नाहीं. मीं त्यांतून एवढाच बोध घेतला, कीं ‘युरोपांत सर्वत्र चालतें.’

एके दिवशीं कन्या कामावर गेली असतां आम्ही दोघे आगगाडीनें शाफहाउसेनला ऱ्हाइन नदीचा प्रसिद्ध प्रपात पाहावयास गेलों. सरहद्द केव्हां ओलांडली, हें समजलेंहि नाहीं. प्रपात मोठा भव्य आहे. मीं चित्रें काढलीं, आणि माझ्या नकळत फोन तीं चित्रें साठवणुकीसाठीं इंटरनेटवरून पाठवीत राहिला. शाफहाउसेन स्वित्झर्लंडमध्यें आहे, आणि स्वित्झर्लंड युरोपांत असला तरी युरोपीय संघांत नाहीं. आमच्या सिमाच्या दरपत्रकांत त्याचा दर निराळा होता. भरलेली रक्कम थोड्या मिनिटांत संपली व फोन मुका झाला. मीं म्हटलें, “बरें झालें, निवांतपणें पाहूं.”

त्याच वेळीं नागपुरांत दुपारचे चार वाजले होते. आई न्हाणीघरांत पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचें हाड मोडलें. डॉक्टरांनीं शस्त्रक्रिया लवकर करावी असें सांगितलें. वय आणि हृदयाचा अशक्तपणा पाहतां धोकाहि समजावून दिला. आमच्या घरीं असले निर्णय एकट्यानें घेण्याची रीत नाहीं. भावानें मला निरोप पाठविले. त्यांपुढें एकच खूण उमटे, दुसरी उमटेना. भारतांतला माझा क्रमांक बंद. त्यानें कन्येला गांठलें. तीहि माझा फोन लावून थकली. आई मधूनमधून विचारी, “थोरल्याचा फोन आला का?”

परतीची गाडी जर्मन हद्दींत झिंगेनला आली, तेव्हां फोन वाजला. कन्येचा स्वर ऐकतांच सौ.च्या हातांतील पाण्याची बाटली खालीं पडली. कन्येनें तेथूनच माझ्या सिमांत पैसे भरले आणि नागपूरशीं बोलणें झालें. तेथें रात्रींचे दहा वाजून गेले होते. आईला वेदनाशामक देऊन निजविलें होतें. भाऊ रागावला नाहीं. तो एवढेंच म्हणाला, “दादा, तुझी फार वाट पाहिली. मग मींच सही केली.”

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशीं सकाळीं झाली, आणि ईश्वरकृपेनें सुखरूप पार पडली. परंतु सहा तासांची ती वाट त्याला एकट्याला पाहावी लागली, आणि ती माझ्या काटकसरीपायीं, ही बोचणी आजतागाईत गेलेली नाहीं.

१८८३ सालीं आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या, तेव्हां पत्र घरीं पोहोंचण्यास आठवडे लागत. तो विलंब सर्वांस आधींच ठाऊक असल्यानें एका दिवसाच्या मौनानें कोणी घाबरत नसे. आज मात्र उत्तर तत्काळ येईल ह्या विश्वासावर घरचीं माणसें बसलेलीं असतात. म्हणून स्वस्त इंटरनेट मिळविणें म्हणजे केवळ पैसे न देणें नव्हे. कोठें किती द्यावे लागतात, हें जाणून घेणें, हीच खरी काटकसर.

हें जाणून घेतल्यावर गोष्ट अवघड राहत नाहीं. २०२४ सालीं आम्ही पुन्हां गेलों, तेव्हां भारतांतलें सिम फोनांतच ठेवलें. निघण्यापूर्वी कंपनीकडून त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घेतलें व तिच्या अटी विचारून घेतल्या. मात्र त्याचें डेटा-रोमिंग बंद केलें. फोन वाजण्याचे पैसे पडत नाहींत, उचलल्यास पडतात. घरीं ठरवून ठेवलें, कीं संकट असेल तरच त्या क्रमांकावर फोन करावयाचा. बँकेचा ओटीपीहि त्याच क्रमांकावर येतो, हा दुसरा लाभ. इंटरनेटसाठीं ई-सिम घेतलें. ह्यांत कार्ड बसवावें लागत नाहीं. फोनांतच असलेल्या चकतीवर परदेशी कंपनीची योजना घरबसल्या उतरवून घेतां येते. मात्र आपल्या फोनांत ती सोय आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. योजना घेतांना खंडाचें नांव न वाचतां देशांची यादी वाचली, आणि तींत स्वित्झर्लंड आहे, ह्याची खात्री केली. नकाशे घरच्या वायफायवर उतरवून घेतले, चित्रें आपोआप पाठविण्याची व्यवस्था बंद केली, आणि स्टेशनावरील फुकट वायफायवर बँकेचा व्यवहार करावयाचा नाहीं, असा नेम केला. एका तासाच्या नुसत्या बोलण्यास जेवढा डेटा लागतो, तेवढा चेहरा पाहून बोलण्यांत थोड्या मिनिटांत संपतो. म्हणून घराबाहेर असतांना नुसतें बोलणें, आणि मुक्कामीं पोहोंचल्यावर दर्शन. वडिलांची शब्द खोडण्याची विद्या अशी पुन्हां कामास आली.

आई आतां काठी घेऊन घरांतल्या घरांत चालते. त्या प्रवासांत मी रोज ठरल्या वेळीं फोन करीं. नागपूरचा उन्हाळा, कूलरच्या आवाजांत तिला नीट ऐकूं येत नसे, मग वहिनी उठून तो बंद करी. पहिल्याच दिवशीं आईनें विचारलें, “बोलायला किती पैसे पडतात रे तिकडून?”

मी म्हणालों, “आधींच भरून ठेवले आहेत, आई. आतां वेगळे पडत नाहींत.”

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “असं? मग आणखी दोन मिनिटं बोल.”