पाटे

मोटारीचा मागचा भार कोण पेलते, असे विचारले तर बहुतेक जण ‘शॉकअप’ असे उत्तर देतील. ते खरे नव्हे. भार पेलतात ते पाटे. शॉकअप केवळ त्यांचे हेलकावे आवरतो. हा भेद आम्हां दोघां भावांस उमगला तो आईच्या पाठदुखीमुळे.

बाबांनी १९८८ साली घेतलेली प्रीमिअर पद्मिनी आमच्या वसईच्या घरी अजून आहे. आईला मंगळवारी व शुक्रवारी डायलिसिसला न्यावे लागते. परतताना तिला आडवे व्हावेसे वाटते आणि या गाडीची मागची सलग बैठक त्यास सोयीची पडते. परंतु गेल्या पावसाळ्यानंतर खड्डा आला की मागून ‘ठक्’ असा आवाज येई आणि आई डोळे मिटून घेई. तक्रार करण्याचा तिचा स्वभाव नव्हे. एका गॅरेजवाल्याने गाडी भंगारात काढण्याचा सल्ला दिला. आमच्यापैकी धाकटा आखातातून रजेवर आला होता व रजेचे नऊ दिवस उरले होते. आम्ही ठरविले, हे काम अंगणातच करावयाचे.

विजेरी घेऊन गाडीखाली आडवे झालो तेव्हा निदान सोपे निघाले. डावीकडचा दुसरा पाटा मधोमध, जेथे सेंटर बोल्टचे छिद्र असते तेथेच, तुटला होता. पोलाद पुष्कळदा छिद्रापाशीच हार खाते. तुटका तेवढा पाटा बदलावा, असा मोह होतो. पण एका बाजूस नवी कमान व दुसरीस दमलेली, अशी गाडी तिरपी उभी राहते. म्हणून दोन्ही बाजूंची जोडी, नवे यू-बोल्ट, रबरी बुश आणि दोन्ही शॉकअप असे सारे साहित्य आम्ही कुर्ल्याच्या सी.एस.टी. रस्त्यावरील दुकाने पालथी घालून जमविले. जेथे ही गाडी जन्मली त्याच कुर्ल्यात! कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडणे थांबून दोन तपे उलटली, मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. सुटे भाग मात्र धीर धरणाऱ्यास अजून मिळतात.

शुक्रवारी रात्री सर्व नटांवर रॉकेल सोडून ठेवले. समुद्राकाठच्या गंजाची ओळख ज्यांना आहे त्यांना याचे कारण सांगावयास नको.

येथे एक गोष्ट विस्ताराने सांगितली पाहिजे. या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो आणि इंजिनची शक्तीही मागच्याच चाकांस मिळते. मागची चाके उचलली की हँडब्रेक ओढलेला असो वा गिअर टाकलेला असो, दोन्ही निरर्थक. म्हणून पुढच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ओंडके लावले, सांगाड्याखाली दोन मजबूत स्टँड दिले आणि ॲक्सलखाली वेगळा जॅक घेतला. केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली शिरणे म्हणजे घरच्यांस पोरके करण्याची तयारी होय.

एका वेळी एकच बाजू सोडविली, म्हणजे दुसरी ॲक्सलला जागेवर धरून ठेवते. शॉकअपचा खालचा बोल्ट निघाला. यू-बोल्ट मात्र निघेनात. करवतीने कापावे लागले. कमानीचे पुढचे टोक एका जागी जखडलेले असते, मागचे मात्र झुलत्या शॅकलवर. कारण भार पडून कमान सपाट झाली की तिची लांबी वाढते व तिला सरकावयास वाव हवा. नवी कमान बसविताना सेंटर बोल्टचे डोके ॲक्सलच्या छिद्रात नेमके बसले की नाही, हे बोटाने चाचपून पाहिले. ते न बसता यू-बोल्ट आवळले तर गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते.

रविवारी मिस्सेनंतर दुसरी बाजू घेतली. दुपारी आई ओटीवर येऊन बसली.

“झालं का रे तुमचं? भात निवला.”

झाले नव्हते. बुशांचे बोल्ट अखेरचे आवळावयाचे ते गाडी चाकांवर उतरवून, तिचे सारे वजन कमानींवर आल्यावर. अधांतरी असतानाच आवळले तर रबर पुढे सदैव पिळलेल्या स्थितीत राहते आणि लवकर फाटते. ते उरकेपर्यंत दिवेलागण झाली. डिकी दाबून सोडली. एकदा वर आली आणि स्थिरावली.

मंगळवारी परतताना नाल्यावरच्या त्या खड्ड्यापाशी आम्ही दोघेही आरशात पाहत होतो. आई झोपली होती.

दोनशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, कारण नवे पाटे एकमेकांवर बसत जातात. तोवर धाकटा परत गेला होता. त्या रात्री त्याचा फोन आला; आईची चौकशी झाल्यावर त्याने विचारले, नट किती फिरले?

पाव फेरा, थोरल्याने सांगितले. डावीकडचा किंचित जास्त.