काळी कॉफी, काळी बिअर आणि मधला पूल

लंडनला गेलात की बिग बेनसमोर फोटो काढालच. पण एक शनिवार मोकळा ठेवा. एका चिंचोळ्या गल्लीतून निघा, पूल ओलांडा आणि रेल्वेच्या कमानीखाली बसून एक छोटासा ग्लास घ्या. घाई मात्र अजिबात नको!

"तू कॉफी घेणार की बिअर?"

शनिवारची दुपार, बँक स्टेशनचा दरवाजा आणि समोर दादा. चार वर्षांनी भेटलेल्या चुलतभावाने विचारलेला हा पहिला प्रश्न. ना 'प्रवास कसा झाला', ना 'घरी सगळे कसे आहेत'. मीही तिरसटपणे म्हटलं, "दोन्ही."

"मग चल. चालायची तयारी आहे ना?"

तुम्हाला आधीच सांगून टाकते, मी त्याच्याशी भांडायच्या मूडमध्ये होते. आम्ही दोघं सदाशिव पेठेत एकाच घरात वाढलो. दादा नोकरीसाठी लंडनला गेला त्याला आता नऊ वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी आमची आजी गेली, तेव्हा तो आला नाही. दहाव्याला नाही, वर्षश्राद्धालाही नाही. फोनवर "सुट्टी जमत नाहीये" एवढंच म्हणाला. सुट्टी? ज्या आजीने त्याला दहावीपर्यंत रोज रात्री अभ्यासाला बसवून कॉफी करून दिली, तिच्यासाठी सुट्टी जमत नाही? तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे वाढदिवसाचा मेसेज. यंदा ऑक्टोबरात एका असाइनमेंटसाठी लंडनला चार दिवस जायचं ठरलं आणि आईने दम दिला, "त्याला भेटल्याशिवाय परत येऊ नकोस."

तर भेटले!

स्टॉप नंबर एक : गल्लीतली कॉफी

बँक स्टेशनपासून कॉर्नहिल पाच मिनिटांवर. तिथून एका बोळात शिरलं की सेंट मायकल्स अ‍ॅली. आपल्या पेठेतल्या बोळांची आठवण यावी इतकी अरुंद. सिटी म्हणजे बँकांचा एरिया, त्यामुळे शनिवारी एकदम शुकशुकाट. कोपऱ्यावर लाल दगडाची जमैका वाइन हाउस ही इमारत आणि भिंतीवर एक गोल पाटी. लंडनमधलं पहिलं कॉफी हाउस इथे होतं. साल १६५२, मालक पास्क्वा रोझे.

शिवाजीमहाराज तेव्हा अवघ्या विशी-बाविशीत होते. म्हणजे विचार करा!

रोझेची आयडिया सॉलिड हिट झाली. पुढच्या काही वर्षांत गल्लोगल्ली कॉफी हाउसं निघाली. लोक तिथे बसून बातम्या वाचायचे, सौदे करायचे आणि राजकारणावर वाद घालायचे. एडवर्ड लॉइडच्या कॉफी हाउसात जहाजांचे मालक आणि विमा उतरवणारे जमायचे. आजची लॉइड्स ऑफ लंडन ही विम्याची बाजारपेठ त्यातूनच उभी राहिली. दुसऱ्या चार्ल्स राजाला या गप्पांची इतकी धास्ती वाटली, की १६७५च्या डिसेंबरात त्याने कॉफी हाउसं बंद करायचं फर्मान काढलं. लोक असे खवळले, की काही दिवसांतच ते मागे घ्यावं लागलं. कट्ट्यावरच्या गप्पा बंद करणं राजालाही जमत नाही, बॉस!

हे सगळं दादा सांगत होता. मी "हं, हं" करत होते.

स्टॉप नंबर दोन : महाराणीची स्टाउट

कॉर्नहिलवरून खाली आलं की लंडन ब्रिज. (फोटोत दिसतो तो टॉवर ब्रिज, हा नव्हे. हा अगदी साधा आहे.) थेम्सवरून वारा असा येतो की कानटोपी हवीच. पूल उतरला की बरो मार्केट. चीज, पाव, मशरूम आणि तुफान गर्दी. कोपऱ्यावर मॉनमथ कॉफीचं दुकान, बाहेर रांग. ती रांग ओलांडून पार्क स्ट्रीटवर पुढे चालत राहायचं.

इथे आज फ्लॅट आणि ऑफिसं आहेत. पण १६१६पासून साडेतीनशेहून जास्त वर्षं इथे अँकर ब्रूअरी होती. मालक हेन्री थ्रेल वारल्यावर १७८१ मध्ये ती तब्बल १ लाख ३५ हजार पौंडांना विकली गेली. व्यवहार बघायला होते डिक्शनरीवाले डॉ. सॅम्युअल जॉन्सन! ते थ्रेल कुटुंबाचे जिवलग मित्र होते. नवे मालक बार्कले आणि पर्किन्स. इथली सगळ्यात कडक काळी बिअर जहाजाने रशियाला जायची. जोसेफ फॅरिंग्टन नावाच्या चित्रकाराने १७९६ सालच्या डायरीत या बिअरची नोंद केलीय. ती रशियाच्या महाराणीसाठी खास बनते आणि सात वर्षं टिकते, असं त्याने लिहिलंय. ही महाराणी म्हणजे कॅथरीन द ग्रेट. 'इम्पीरियल स्टाउट' हे नाव आलं ते या शाही गिऱ्हाइकामुळे.

१९८१ मध्ये ब्रूअरी पाडली. उरल्यात त्या पाट्या.

"आता गंमत बघ," दादा म्हणाला. "आपण कॉफीच्या गल्लीतून निघून इथे किती वेळात पोचलो?"

"पंधरा-वीस मिनिटं."

"कॉफीला हाच पूल ओलांडायला जवळजवळ साडेतीनशे वर्षं लागली."

म्हणजे काय, ते ऐका. स्टाउट काळी होते ती भाजलेल्या माल्टमुळे. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं बार्ली. डॅनियल व्हीलरने १८१७ मध्ये माल्ट काळं भाजायचा जो फिरता ड्रम पेटंट केला, तो कॉफी भाजायच्या ड्रमसारखाच होता. दोघींची भट्टी सारखी, रंग सारखा, वासही बहिणी-बहिणींसारखा. पण बिअरमध्ये माल्ट आणि हॉप्स सोडून काही घातलं तर ती भेसळ, असा ब्रिटनमध्ये १८१६ सालीच कायदा झाला होता. तो १८८० मध्ये सैल झाला, तरी कॉफी काही कुणी घातली नाही. विसाव्या शतकात इम्पीरियल स्टाउटच मागे पडत गेली. अँकरचा वारसा सांगणारी करेज कंपनीची स्टाउटही १९९३ मध्ये थांबली.

दोघींची गाठ पडली ती थेट अमेरिकेत. सिएटलच्या रेडहूक ब्रूअरीने १९९०च्या दशकात स्टारबक्सची कॉफी घालून स्टाउट काढली. मग तिथल्या छोट्या ब्रूअरीजनी इम्पीरियल स्टाउट पुन्हा उचलली आणि तिच्यात कॉफी ओतली. सॅन डिएगोच्या एलस्मिथची 'स्पीडवे स्टाउट' तर १२ टक्के अल्कोहोलची! डेन्मार्कमध्ये मिकेल बोर्ग बियर्गसो या शाळामास्तराने फ्रेंच प्रेसमधली कॉफी घालून 'बिअर गीक ब्रेकफास्ट' बनवली आणि जगभर नाव कमावलं. असा सगळा फेरा मारून ही जोडी लंडनला परत आली.

स्टॉप नंबर तीन : कमानीखालचा ग्लास

पार्क स्ट्रीटपासून बर्मंडसी साधारण अर्धा तास. लंडनची पहिली रेल्वे १८३६ मध्ये इथून धावली ती विटांच्या ८७८ कमानींवरून. त्या कमानींखाली आधी गोदामं आणि गॅरेजेस होती. २००९ मध्ये 'द कर्नल' ही छोटी ब्रूअरी इथल्या एका कमानीत सुरू झाली. तिने जुन्या लंडनच्या रेसिपी शोधून काढल्या. १८५६ सालच्या रेसिपीवरची त्यांची इम्पीरियल ब्राउन स्टाउट दर्दी लोकांमध्ये फेमस आहे. मग एकामागून एक ब्रूअरीज आणि टॅपरूम्स आल्या आणि या पट्ट्याला 'बर्मंडसी बिअर माइल' हे नावच पडलं.

आम्ही शिरलो त्या टॅपरूममध्ये लाकडी बाकडी, स्टीलच्या टाक्या आणि डोक्यावर दर दोन मिनिटांनी धडधडणारी ट्रेन. फळ्यावर खडूने लिहिलेलं : कॉफी इम्पीरियल स्टाउट, १०.५ टक्के.

"एक पाइंट," मी ऐटीत म्हटलं.

बारमागची मुलगी हसली. "थर्ड घ्या."

थर्ड म्हणजे पाइंटचा तिसरा हिस्सा, १८९ मिली. आपल्या कटिंग चहाचा इंग्लिश अवतारच! आपल्याकडे बाटलीवर 'स्ट्राँग' लिहिलेली बिअर असते ८ टक्क्यांपर्यंत. इथे या चिमुकल्या ग्लासात दोन युनिट दारू होती आणि ब्रिटनमध्ये डॉक्टर आठवड्याला १४च्या वर जाऊ नका म्हणतात. करा हिशोब!

ग्लास आला. रंग इंजिन ऑइलचा, वर तपकिरी फेस. मी सवयीप्रमाणे मोठा घोट घेतला आणि चेहरा वाकडा झाला. थंड, कडू, बस्स. "यात काय एवढं?"

"ठेव खाली," दादा म्हणाला. "ही फ्रीजच्या गारठ्यात बोलत नाही. दहा मिनिटं थांब. ग्लास हातात धर."

मग थांबले. काय करणार? बारमागची मुलगी मोकळीच होती, तिने सगळी प्रोसेस सांगितली. कॉफी उकळून घालत नाहीत, नाहीतर उग्र आणि आंबट लागते. जाडसर दळलेली कॉफी गार पाण्यात रात्रभर भिजवायची, गाळायची आणि बिअर आंबून झाल्यावर टाकीत ओतायची. एक गोष्ट तिने दोनदा सांगितली. साधी इम्पीरियल स्टाउट वर्षानुवर्षं ठेवा, आणखी छान होईल. पण कॉफीवाली ठेवू नका. कॉफीचा वास आधी उडतो आणि पुढे पुढे चक्क ढोबळी मिरचीसारखा वास यायला लागतो. "जपून ठेवायची नाही. आहे तोवर प्यायची."

मी पुन्हा घोट घेतला. या वेळी छोटा. आणि बॉस, ही वेगळीच बिअर होती! आधी ताज्या दळलेल्या कॉफीचा वास. मग काकवी, थोडं खरपूस भाजलेले शेंगदाणे, मागून डार्क चॉकलेटचा कडवटपणा. घशाखाली उतरताना ऊब. जीभेवर जाड, जवळजवळ दुधाळ, आणि दूध तर थेंबभर नाही.

"कशाची आठवण येते?" दादाने विचारलं.

मला माहीत होतं. सांगायचं नव्हतं, तरी तोंडातून गेलंच. "आजीच्या कॉफीची."

"जायफळ नाही फक्त."

आजी कॉफीत जायफळ किसून घालायची. दूध आटवून, साखर सढळ हाताने. पुण्यातल्या घराघरातली तीच ती कॉफी, पण आमच्यासाठी फक्त तिची. वरून एक ट्रेन गेली. ती जाईपर्यंत दोघंही गप्प.

मग दादा बोलायला लागला. त्या वर्षी त्याची कंपनी बदलली होती. व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज लटकला होता. अर्ज चालू असताना देशाबाहेर पाऊल टाकलं तर अर्ज बाद. परत यायचा रस्ता बंद, नोकरीही गेलेली. घरावरचं काकांचं कर्ज तेव्हा तोच फेडत होता, हे मला पहिल्यांदा कळलं. "तिकीट काढलं होतं गं. एअरपोर्टवर जाऊन परत आलो. घरी काय सांगणार होतो? सुट्टी नाही म्हटलं की तुम्ही मला शिव्या द्याल. खरं सांगितलं असतं तर बाबांनी घर विकायला काढलं असतं."

"मग मला तरी सांगायचंस."

"तू फोन उचलत होतीस का?"

नव्हते उचलत. खरंय.

तो एक थर्ड संपायला पाऊण तास लागला. पुण्यात आमच्या ग्रुपमध्ये पाऊण तासात दोन पिचर संपतात आणि बोलणं होतं ते ऑफिसच्या गॉसिपचं. ही बिअर घाईने पिताच येत नाही. ग्लास हातात धरून बसावं लागतं आणि समोर माणूस असेल तर बोलावंच लागतं. आम्ही दुसरा ग्लास मागवला नाही. गरजही नव्हती.

रविवारी सकाळी दादाच्या टूटिंगच्या फ्लॅटवर गेले. त्याने दूध आटवायला ठेवलं होतं. कपाटातून त्याने एक डबी काढली, त्यात अर्धं किसलेलं जायफळ होतं. म्हणजे हे आधीपासून चालू होतं तर! मी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन त्याच्या हातात दिला.

जाताय? मग हे लक्षात ठेवा

- रूट : बँक स्टेशन, सेंट मायकल्स अ‍ॅली, लंडन ब्रिज, बरो मार्केट, पार्क स्ट्रीट आणि मग बर्मंडसी. सगळं चालत होतं. शूज आरामदायी हवेत.
- दिवस : शनिवार बेस्ट. बरो मार्केट जोरात असतं, माल्टबी स्ट्रीटचा खाऊबाजारही भरतो. टॅपरूमच्या वेळा निघण्याआधी चेक करा.
- आधी खा : रिकाम्या पोटी इम्पीरियल स्टाउट नको. सोबत चीज किंवा चॉकलेट ब्राउनी मस्त लागते.
- माप : थर्डच मागा. लाजू नका, तिथले दर्दीही तेच घेतात.
- गैरसमज : कॉफी आहे म्हणून चढणार नाही, असं काही नसतं. कॉफीने फक्त झोप उडते, नशा नाही. गाडी चालवायचा विचारही नको, ट्यूब आहेच.
- बॅगेत भरून आणताय? कॉफीवाली असेल तर बाटलीवरची तारीख बघा आणि घरी आल्यावर लवकर उघडा. एकट्याने नको. ज्याच्याशी बरेच दिवसांत बोलणं झालं नाही, त्याला बोलवा.