प्रश्न विचारायच्या जागा

महाड-पोलादपूरच्या खेड्यांत उमेदवार पूर्वी देवळात उतरायचा. गावकी जमायची. घोंगडी अंथरली जाई. चहा येण्याआधीच पाण्याचा विषय निघे. उत्तर मिळेपर्यंत म्हातारी माणसे उठत नसत.

आता गाड्यांचा ताफा येतो. फटाक्यांची माळ लागते. बायका औक्षण करतात. उमेदवार हात जोडतो, नारळ घेतो, पुढच्या वाडीला जातो. तेवढा वेळ गाडी चालूच असते.

सभेत चिठ्ठी पाठवायची रीत होती. वहीचे पान फाडून प्रश्न लिहायचा आणि हातोहात व्यासपीठाकडे सरकवायचा. काही वक्ते भाषण थांबवून चिठ्ठी मोठ्याने वाचत. आता व्यासपीठ आणि पहिली रांग यांच्यामध्ये मोकळी जागा सोडतात. तिच्या कडेने बांबूचे कठडे असतात.

उत्तर द्यायचीही रीत होती. चिंतामणराव देशमुख महाड तालुक्यातल्या नाते गावचे. 1952 मध्ये ते कुलाब्यातून, म्हणजे आताच्या रायगडमधून, लोकसभेवर निवडून गेले. 1956 मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या प्रश्नावर त्यांनी केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडले. का सोडले, ते लोकसभेत उभे राहून सांगितले.

पंचायत समितीची आमसभा असे. वर्षातून एकदा. अध्यक्षस्थानी आमदार, शेजारी तालुक्याचे अधिकारी: बांधकाम, वीज, पाणीपुरवठा, एसटीचे आगार. डोंगरातल्या वाडीचा माणूस सकाळची एसटी धरून यायचा. माईक हातात घेऊन आपल्या रस्त्याचे नाव घ्यायचा. अधिकाऱ्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागे. आमदाराला ते ऐकावे लागे. गेलेल्यांत ही जागा सर्वांत मोलाची. राज्यातल्या अनेक तालुक्यांत ही सभा वर्षानुवर्षे भरत नाही. मार्च 2022 मध्ये रायगडच्या जिल्हा परिषदेची आणि पंचायत समित्यांची मुदत संपली. प्रशासक आले. 2025 सरले तरी निवडणूक झालेली नव्हती.

शहरातही तेच झाले. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. ऑगस्टमध्ये पालिकेने ठराव फिरवला. तळ्याचा दावा नऊ वर्षांहून जास्त चालला. 1937 मध्ये मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच पालिकेत 2022 पासून डिसेंबर 2025 च्या निवडणुकीपर्यंत एकही नगरसेवक नव्हता.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला. दोन एसटी गाड्या माणसांसकट गेल्या. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. 22 जुलै 2021 रोजी महाड बुडाले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडी इथेही माणसे गाडली गेली. तळियेचे लोक कंटेनरच्या घरांत राहिले. नदीतला गाळ, पुनर्वसनाची घरे, 2011 पासून चाललेले मुंबई-गोवा महामार्गाचे काम: विचारायला एवढे आहे. त्यासाठी उमेदवार एका व्यासपीठावर येत नाहीत.

दिल्लीतही आले नाहीत. मे 2024 मध्ये दोन निवृत्त न्यायमूर्ती आणि एक माजी संपादक यांनी पंतप्रधान आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचे निमंत्रण दिले. राहुल गांधींनी होकार कळवला. चर्चा झाली नाही.

आता उमेदवाराचा आवाज फोनवर येतो. तो आधी ध्वनिमुद्रित केलेला असतो. मध्ये काही बोलले तर पलीकडे कोणी नसते. व्हॉट्सॲपवर वॉर्डाचा ग्रुप असतो. त्यात फक्त ॲडमिनला लिहिता येते.

उमेदवाराचे शपथपत्र मात्र कोणालाही वाचता येते. ही सोय पूर्वी नव्हती. मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे सारे त्यात असते. मागच्या आश्वासनांचा रकाना नसतो.

पोलादपूरची बरीच घरे वर्षभर बंद असतात. मतदार मुंबईत असतात, गावच्या मंडळाच्या खोलीवर किंवा चाळीत. उमेदवार मुंबईत मेळावा घेतो. मंडळाचे अध्यक्ष आणि सेक्रेटरी त्याच्याशी बोलतात. बाकीचे टाळ्या वाजवून जेवायला बसतात. मतदानाच्या आदल्या रात्री गाड्या सुटतात. पहाटे कशेडी घाटाच्या अलीकडे माणसे उतरतात, घर उघडतात, मत देतात. संध्याकाळी त्याच गाडीने परत जातात. उमेदवाराची गाठ पडत नाही. लोकसभा-विधानसभेचा प्रचार मतदान संपण्याच्या 48 तास आधीच थांबलेला असतो.