लिशाच्या वाटेवर

काठगोदामला रेल्वे संपते आणि कुमाऊँचा डोंगर सुरू होतो. मोटार भवालीकडे चढू लागली, की थोड्याच वेळात एक वास खिडकीतून आत येतो. मे महिन्याचे ऊन असेल तर तो अधिकच दाटतो. लिंबाच्या सालीसारखा चुरचुरीत, किंचित कडवट, आणि मागे तापलेल्या लाकडाची ऊब. हा चिडाचा वास. मराठी माणसाला चीड म्हणजे राग. इथे चीड म्हणजे पाइनचे सरळसोट झाड, तीन-तीनच्या जुडग्यांत लांबलचक सुया मिरवणारे. वारा सुटला की या सुयांतून समुद्राची गाज ऐकू येते. मी ती गाज डोळे मिटून ऐकत होतो, एवढ्यात सौ. म्हणाली, "अहो, गाडीत कुणाचं फिनेल सांडलंय का?"

वाचकहो, हसू नका. फरशी पुसण्याचे पांढरे फिनेल असते ना, त्यात पाइन तेलच घालतात. शहरातल्या माणसाची आणि चिडाची पहिली भेट बहुधा बादलीतच होते!

भवालीत मात्र या वासाला औषधाचा मान होता. १९१२ साली येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले. चिडाची हवा फुप्फुसांना हितकर, ही त्या काळची श्रद्धा. कमला नेहरू १९३५ साली युरोपला जाईपर्यंत येथेच होत्या, आणि जवाहरलालजी तेव्हा अल्मोड्याच्या तुरुंगात. क्षयाला खरा उतारा पुढे स्ट्रेप्टोमायसीनने दिला, चिडाने नव्हे. तरी त्या उतारावर उभे राहिले की छाती आपोआप भरून श्वास घेते, हेही खरे.

भवालीच्या पुढे रस्त्याकाठी एक लिसावाला भेटला. लिसा म्हणजे चिडाचा डिंक. बुंध्याची साल तासून त्याने तिरप्या चरा पाडल्या, त्यांवर पातळ केलेल्या तेजाबाचा फवारा मारला आणि खाली शंकूच्या आकाराचे भांडे अडकवले. मधासारखा चिकट लिसा थेंबाथेंबाने उतरू लागला. जुन्या जखमांच्या रांगा त्याच बुंध्यावर वर वर गेलेल्या होत्या. त्याच्या बोटांचा वास साबणाने जात नाही, असे तो म्हणाला. अभिमानाने की तक्रारीने, ते कळले नाही.

हा लिसा भट्टीत ऊर्ध्वपातित केला की पाचव्या हिश्श्याच्या आसपास टर्पेंटाइन निघते, आणि मागे बहुतेक राळ उरते. युरोपात टायरोलकडे ठेंगण्या पाइनच्या सुयांचे तेल काढतात, सायबेरियात फरचे. ती तेले त्यांच्या मूळ वासासाठीच सुगंधकाराला हवी असतात. मिश्रणात ती सर्वांत आधी उडतात आणि मागून येणाऱ्या वासांना मोकळे करतात. आपल्या टर्पेंटाइनची कहाणी निराळी. त्याला स्वतःच्या नावाने बाटलीत फारसे कोणी बसवत नाही, ते वेश पालटून येते. टर्पेंटाइनमधल्या पाइनीनपासून टर्पिनिऑल करतात, त्याला पश्चिमेकडच्या लायलॅक फुलांचा वास. त्याच पाइनीनपासून गुलाबाच्या आणि लव्हेंडरच्या सुगंधातली काही द्रव्येही बनतात. आणि कापूर! बहुतेक घरांत आरतीला जळतो तो कापूर झाडाचा नसून टर्पेंटाइनपासून कारखान्यात केलेला असतो. हे ऐकून सौ. काही वेळ गप्प होती.

चिडाच्या टर्पेंटाइनमध्ये पाइनीन तसे बेताचेच. पण त्याच्याजवळ स्वतःचे एक द्रव्य आहे. चिडाचे जुने शास्त्रीय नाव पायनस लॉंगिफोलिया, म्हणून सिमन्सन या रसायनज्ञाने १९२० साली प्रसिद्ध केलेल्या त्या द्रव्याला नाव पडले लॉंगिफोलीन. त्याच्या रेणूची रचना मोठी गुंतागुंतीची. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९६० नंतर डॉ. सुख देव यांनी तिचा चिकाटीने पाठपुरावा केला. लॉंगिफोलीनपासून केलेल्या द्रव्यांना चंदनी-लाकडी, अंबरासारखा वास येतो आणि तो कपड्यावर टिकतो. पाषाणच्या माळावर कुमाऊँचा डिंक उकलला गेला, याचे आपल्याला कौतुक वाटायला हवे.

डोंगरातल्या माणसाला मात्र हे कौतुक नाही. वाळलेल्या सुयांना तो पिरूल म्हणतो. उन्हाळ्यात त्यांचा जाड, निसरडा थर पडतो. त्यात ठिणगी पडली की लिशाने माखलेल्या जखमांवरून ज्वाळा बुंधा चढतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये वायुदलाची हेलिकॉप्टरे भीमतालचे पाणी उचलून आगीवर ओतत होती. आग कधी कधी जाणूनबुजूनही लागली आहे. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरला लोकांनी वेठबिगारीच्या वह्या शरयूत बुडवल्या, आणि त्याच उन्हाळ्यात सरकारची चिडाची राने पेटवली. बांजाच्या रानांना मात्र सहसा झळ लागू दिली नाही. बांज म्हणजे तिथला ओक. त्याचा पाला गुरे खातात, त्याच्या मुळाशी पाणी टिकते. चिडाखाली या दोन्ही गोष्टींची वानवा.

राणीखेतच्या अलीकडे एका वळणावर बांजाच्या पाल्याचा भारा घेऊन एक म्हातारी विसावली होती. सौ.ने तिला विचारले, "आमा, हा वास तुम्हाला आवडतो का?"

"कसला वास?" ती म्हणाली. मग तिनेच विचारले, "तुमच्या गावी चीड आहे?"

"झाड नाही," सौ. म्हणाली, "वास आहे."

म्हातारी बोळक्या तोंडाने हसली. भारा पाठीवर घेतला आणि पिरुलावर पाय जपून टाकत उतरून गेली.